कोर्टातलं गाऱ्हाणं

आमच्या गावचा धोंडू देवाशी बोलायचा आणि कोंबड्या चोरायचा. दोन्ही कामं मन लावून. शिमग्याला पालखीपुढे गाऱ्हाणं घालायचं ते त्यानंच. तसा आवाज जयगडपर्यंत दुसऱ्याला नव्हता. कुणाचा ताप, कुणाची गाभण म्हैस, बोटीवर खलाशी म्हणून गेलेला माझा मुलगा सखाराम, सगळ्यांसाठी तो मागायचा आणि प्रत्येक मागण्यामागे गाव ओरडायचा, "व्हय म्हाराजा!" चार दिवसांनी त्यातल्याच कुणाचं तरी खुराडं रिकामं.

तीनदा तुरुंगात जाऊन आला, पण लाज नाही. "भोगून झाला ता शिळा, वयनी," म्हणायचा. "शिळा परत पानात वाढू नये."

चौथ्यांदा त्यानं माझा कोंबडा नेला. मी फिर्याद दिली. त्याचा मला आजही पस्तावा नाही; कोंबडा चांगला होता. मॅजिस्ट्रेटनं जुन्या शिक्षा धरून दोन वर्षं ठोठावली आणि धोंडू भडकला. एका कोंबड्याचे महिने त्याला कबूल होते; वरचं सगळं शिळं! त्यानं रत्नागिरीच्या कोर्टात अपील केलं. वकील नको म्हणाला. "मी देवाशी बोलनारा. जज्ज काय त्येच्यापेक्षा मोटा हाय?"

मजा बघायला गाव कोर्टात लोटला. मीही गेले. जज्जसाहेबांनी काय म्हणणं आहे विचारलं, तर ह्या शहाण्यानं हात जोडले, डोळे मिटले नि सूर लावला:

"बा देवा म्हाराजा, ह्यो धोंडू आज तुज्या दारात उबा हाय..."

मागून सगळे सवयीनं ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"तीन येळा चोरी क्येली, तीन येळा भोगली..."

"व्हय म्हाराजा!"

सरकारी वकिलाला आणखी काय हवं? न बोलावता अख्खा गाव साक्षीला! शिपाई गप्प करायला धावले, पण धोंडू थांबेना. आता शिक्षा कमी करून मागायची, तर गडी नेहमीच्याच वाटेला लागला. "वयनीचा सखाराम बोटीवर हाय, त्येला सुकरूप घरी आन..."

"ही वयनी कोण?" जज्जसाहेबांनी विचारलं.

धोंडूनं डोळे उघडले. "जिचा कोंबडा न्येला, ती."

कोर्ट हसलं. मी नाही हसले.

"आणि तुझं स्वतःचं मागणं काय?"

धोंडू घुटमळला. "माजा कदी मागितला नाय, म्हाराजा. कसा मागतात, म्हाईत नाय."

अपील फेटाळलं.

पुढच्या शिमग्याला गाऱ्हाणं दुसऱ्यानं घातलं. घाईनं उरकलं, सखारामचं नावसुद्धा विसरला. आम्ही बायका मागे उभ्या असतो, मध्ये बोलायची रीत नाही. मी बोलले.

"माजा सखाराम ऱ्हायला. आनि तुरुंगात आमचा कोंबडीचोर हाय, त्येच्यासाठी मागनारा कोन नाय. त्येला पन सुकरूप घरी आन."

सगळे वळून बघत राहिले. मग एक म्हातारा पुटपुटला, "व्हय म्हाराजा." मग सारा गाव ओरडला.

घरी येऊन मी खुराड्याला नवी कडी बसवून घेतली.