आधी गोड, मग टोपली

वनमालाबाई घाडीगावकरांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय शिजतंय ते त्यांना झाकण न उघडता कळायचं! हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि दिंडोशीच्या त्यांच्या इमारतीत त्यावर 'कशावरून?' विचारायची कुणाची छाती नव्हती. शाळा चौथीत सुटली. जीभही त्याच वर्षी सुटली, ती अजून कुणाला बांधता आलेली नाही.

ही विद्या त्यांना सुनेमुळे मिळाली. सून गंधाली मालाडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि डॉक्टरेट करत होती. विषय काय? तर इंग्रजी टीव्हीवर स्वयंपाकाच्या स्पर्धा असतात, त्यातले परीक्षक स्पर्धकांचा अपमान कुठल्या भाषेत करतात!

ऐकून तळमजल्यावरची रतन खो खो हसली होती. "काय सांगता काकी! टीव्ही बघून डॉक्टर? मग मी आतापर्यंत सर्जन झाले असते!"

"तू बघतेस, ती अभ्यास करते," वनमालाबाई म्हणाल्या. "म्हैससुद्धा दिवसभर तळ्यात बसते, म्हणून तिला कुणी पोहण्याचं बक्षीस देत नाही."

बाहेर असं ठणकावलं खरं, पण घरात त्यांनी सुनेला जे ऐकवलं त्याचा निराळा प्रबंध झाला असता. "दुसऱ्याचं करपलेलं बघायला वेळ आहे, आपली डाळ उतू गेली ती दिसत नाही!" हे तर रोजचंच. मग एका दुपारी गंधालीने त्यांना हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं.

"आई, हा गोरा शेफ बघा. त्या पोरीच्या ताटाबद्दल काय म्हणत असेल?"

"कौतुक करतोय. हसतोय बघ कसा, सोन्यासारखा!"

"बघा हं आता."

गोऱ्याने घास घेतला. हसला. दोन वाक्यं गोड बोलला, आणखी दोन बोलला. मग चष्मा काढला, तोंड पुसलं आणि अख्खं ताट टेबलाशेजारच्या कचऱ्याच्या टोपलीत पालथं केलं! ती पोरगी ढसाढसा रडायला लागली.

"अन्न फेकल्यान?" वनमालाबाई ताडकन उठल्या. "मेल्याक आठ दिस उपाशी ठेवूक व्हया!"

"हीच तर खुबी आहे, आई. यांची शिवी पाकात घोळून येते. जितका पाक जास्त, तितका तडाखा मोठा."

"बाई गं! आमच्या मालवणात शिवी देणारा निदान समोरून येता!"

त्या दिवसापासून वनमालाबाईंना नादच लागला. टीव्हीवर परीक्षक गोड बोलायला लागला की त्या स्पर्धकाकडे बोट रोखायच्या. "गेला! हा आज घरी गेला!" आणि खरंच तो जायचा. आधी गोड, मग टोपली! एवढ्या चार शब्दांत आपल्याला अख्खं इंग्रजी आलं, असं त्यांचं ठाम मत झालं.

गंधालीच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण होतं ते इंग्रजी न येणाऱ्या बायकांवर. परीक्षकाचा हा गोड अपमान त्यांना नुसता बघून कळतो का? तिने इमारतीतल्या बारा बायका निवडल्या, एकेकीला वेगळं बसवलं, लॅपटॉपवर तुकडे दाखवले आणि काय वाटतं ते विचारलं. बाराही जणींना अपमान बरोब्बर कळला! सगळ्यांचं उत्तर एकच, जवळजवळ शब्दही तेच! गंधालीच्या गाइड क्षमामॅडम तर हरखून गेल्या. म्हणाल्या, "असं एकमत मी उभ्या जन्मात पाहिलं नाही!" वनमालाबाईंना मात्र त्याचं काडीचं नवल वाटलं नाही.

कॉलेजने स्पष्ट सांगून टाकलं होतं, की जूनच्या आत डॉक्टरेट हातात आली तर गंधालीची नोकरी कायम, नाहीतर त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी. गंधालीची झोप उडाली होती. तोंडी परीक्षा लागली एप्रिलात. बाहेरगावचे परीक्षक येणार, सगळ्यांसमोर प्रश्न विचारणार आणि तिथल्या तिथे निकाल सांगणार.

"सगळ्यांसमोर म्हणजे?" वनमालाबाईंनी मुलाला विचारलं.

सुयोग मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाला, "ओपन असतं गं ते. कुणीही येऊन बसू शकतं. तसा नियमच आहे."

वाट लागली ती इथेच! घाडीगावकरांच्या घराण्यात 'कुणीही या' म्हटल्यावर एकट्याने जायची रीत नाही. परीक्षेच्या दिवशी गंधाली पुढे निघून गेली, आणि मागून गेटवर मिनीबस उभी राहिली. आत पुढे सुयोग, मागे गजरे माळलेल्या बाराही जणी, मांडीवर वड्यांचे डबे, काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याचं पातेलं, सोलकढीचा कॅन! परीक्षकांच्या चहाजेवणाचं घरच्यांनीच बघायचं असतं, एवढं वनमालाबाईंनी कुठूनतरी ऐकलं होतं. तेवढं मात्र खरं होतं.

हॉलच्या दारात गंधालीने हे लटांबर पाहिलं आणि तिच्या हातातला पेनड्राइव्ह खाली पडला.

"आई! इथे चार माणसं येतात हो! त्यातली दोन एसीसाठी!"

"मग आज शोभा आली असं समज. घाबरू नको, आम्ही आहोत."

"त्याचीच तर..." गंधाली म्हणाली आणि पेनड्राइव्ह उचलायला वाकली.

बायका दुसऱ्या रांगेत बसल्या. वनमालाबाई पहिल्या रांगेत, अगदी परीक्षकांच्या टेबलासमोर. परीक्षक होते डॉ. चंद्रप्रकाश, थेट लखनौहून आलेले. गोरेपान, चष्मा, इस्त्रीचा कोट. त्यांना बघताच वनमालाबाईंनी पदर खोचला. हुबेहूब टीव्हीतल्यासारखा! नुसता डोक्याला कागदाचा टोप नव्हता, एवढंच.

गंधाली छान बोलली. पडद्यावर तिने तो ताट फेकणारा तुकडाही दाखवला. "शीः! अन्नाचा शाप लागेल याला!" रतन मोठ्याने म्हणाली. वनमालाबाईंनी मागे वळून तिच्याकडे असं बघितलं, की तिने सोलकढीचा कॅन छातीशी कवटाळला.

मग डॉ. चंद्रप्रकाश इंग्रजीत बोलायला लागले. पहिलं वाक्य संपलं तेव्हा ते हसले. गंधालीही हसली. 'व्हेरी गुड' एवढं वनमालाबाईंना समजलं, आणि त्या सावध झाल्या. दुसऱ्या वाक्यात 'एक्सलंट' आलं. त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. पुढे तर कौतुकाची धारच लागली! सर माना डोलावताहेत, क्षमामॅडम पदर सावरताहेत, आणि ती भोळी पोर टीव्हीवरच्या पोरीसारखीच कृतकृत्य होऊन उभी!

'अगं, स्वतः लिहिलंस ना ते?' वनमालाबाईंचा जीव तळमळला. 'एवढा पाक! केवढा तडाखा येणार असेल देवा रामेश्वरा!'

डॉ. चंद्रप्रकाशांनी चष्मा काढला.

वनमालाबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या.

सरांनी रुमालाने तोंड पुसलं. एका हाताने गंधालीचा जाडजूड प्रबंध उचलला, दुसऱ्या हातात चहाचा रिकामा कागदी कप घेतला, आणि टेबलाशेजारच्या कचऱ्याच्या टोपलीकडे वाकले.

"ओ साब!"

अशी हाक त्या हॉलने कधी ऐकली नसेल. गुडघेदुखीमुळे देवळाच्या पायऱ्यासुद्धा न चढणाऱ्या वनमालाबाई घारीसारख्या झेपावल्या, प्रबंध हिसकावला आणि पोटाशी धरला. परीक्षक खुर्चीत आपटले. कप टोपलीत पडला.

"टोपली में नहीं डालने का! पाच साल घासा है हमारी सून ने! एक पान जरी गेला ना, तो वडा तो छोडो, पानी भी नहीं मिलेगा!"

"आई!" गंधाली किंचाळली. "ते कप टाकत होते! पास केलंय त्यांनी मला! आता जाहीरच करत होते!"



इथे वनमालाबाईंनी 'चुकलं' म्हणून खाली बसायला हवं होतं. शहाणी बाई बसली असती. पण बाराजणींसमोर खाली बसणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं! शिवाय डॉ. चंद्रप्रकाश भला माणूस निघाला. त्याने चष्मा परत चढवला आणि हसून विचारलं, "माताजी, आपको क्यों लगा कि मैं फेंकने वाला हूँ?"

"क्यों म्हणजे? पहले मीठा, फिर टोपली! पूरा किताब वोही है ना!"

"अरे वाह! तो आपने पढ़ी है?"

"पढ़ने का क्या जरूरत? वो पिछला वाला पाठ है ना, बारा बाईलोग का? वो बारा बाई ये बैठी है!" वनमालाबाईंनी दुसऱ्या रांगेकडे असा हात केला, जसं काही लग्नात वरपक्षाला रुखवत दाखवताहेत. "सबको मैंने तयार किया!"

परीक्षकांचं हसू जिथल्या तिथे थांबलं. "तैयार किया... मतलब?"

"आई, बसा," गंधाली पुटपुटली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गळ्यापर्यंत उतरला होता.

"तू थांब गं, मी सांगते ना नीट! साब, ये रतन है ना, इसको पहले कुछ समजा नहीं. बोली, गोरा तारीफ करता है. अब ऐसा जवाब देगी तो हमारी सून का क्या होगा? तो मैंने गच्चीपे सबको बिठाया. चार शाम! पाठ करके लिया! एक भी बाई चुकी नहीं!"

"काकी तर छडी घेऊन बसायच्या," मागून रतनने अभिमानाने पुस्ती जोडली.

क्षमामॅडमनी डोळे मिटून घेतले. गंधालीने समोरचा लॅपटॉप बंद केला. ती रडली नाही. टीव्हीवरची पोर निदान रडली तरी होती.

डॉ. चंद्रप्रकाशांनी वनमालाबाईंच्या हातून प्रबंध परत घेतला आणि बराच वेळ चाळला. मग बोलले, सरळ आणि थोडक्यात. या खेपेला गोड एक शब्द नव्हता. सुयोगने आईच्या कानात मराठी केलं. बाकी काम चांगलं आहे, पण शेवटचं प्रकरण रद्द. नव्या बायका शोधायच्या, नव्याने विचारायचं, नव्याने लिहायचं. तोपर्यंत निकाल राखून ठेवला.

"म्हणजे नापास नाही ना?" वनमालाबाईंनी बारीक आवाजात विचारलं.

"आई, जून कुठे आणि हे कुठे!"

वडे कुणाच्याच घशाखाली उतरले नाहीत. परतीच्या मिनीबसमध्ये गंधाली खिडकीकडे तोंड करून बसली होती.  ती उलटून बोलली असती तर वनमालाबाईंना पेललं असतं. भांडायला त्या केव्हाही तयार! पण गप्प बसलेल्या सुनेचं करायचं काय, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, की चौथीत शाळेबरोबर जीभही जप्त झाली असती तर बरं झालं असतं.

रात्री त्या सुनेच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "गंधाली, माझं चुकलं गो. मला वाटलं, तुझं चांगलं व्हावं."

"माहीत आहे, आई. तेच तर वाईट आहे." मग ती म्हणाली, "महिना आहे हातात. धावपळ केली तर अजून जमेल. फक्त तुम्ही एक करा. काहीही करू नका."

"शपथ! देवा रामेश्वराची शपथ!"

पण नव्या बायका आणायच्या कुठून? दिंडोशीत वनमालाबाईंना न ओळखणारी बाई मिळेना. मालाडला तीन घरं पाहिली, तर तिन्हीकडे त्यांची लोणची पोचलेली! शेवटी गंधालीने नकाशा पुढे घेऊन मानखुर्द निवडलं. तिथल्या एका महिला मंडळाशी स्वतः बोलली, लॅपटॉप उचलला आणि भर उन्हात निघाली.

संध्याकाळी परतली. चप्पल काढली. लॅपटॉप टेबलावर ठेवला. वनमालाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या.

"काय म्हणाल्या गो बायका?"

"दहाजणी होत्या. दहाही जणींनी एकच उत्तर दिलं." गंधालीचा आवाज अगदी शांत होता. "आई, मानखुर्दला कुणाला फोन केलात?"

"मी?" वनमालाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "माझी मावसबहीण आहे त्या मंडळात. पण मी काही शिकवलं नाही हो! उलट बजावून सांगितलं, की कुणी काही पढवलं तर ऐकू नका. अगदी तुमच्या मनात असेल तेच बोला."

"बस, एवढंच?"

"एवढंच!" वनमालाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "मग तिने विचारलं, की आमच्या मनात काय आहे? आता कुणी विचारल्यावर सांगायला नको होय?"