लाल शाईतल्या धावा

"दहा मिनिटांत निकाल लावतो!" मी छातीवर हात मारून सांगितलं. सव्वीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतोय मी, थट्टा आहे का!

प्रश्न आमच्या गावच्या बेसबॉलचा होता. गेल्या मोसमात समितीने नवा नियम आणून बघितला होता: चेंडू फेकणाऱ्याने बॅट धरायची नाही, त्याच्या जागी दुसरा पट्टीचा फलंदाज. धावा वाढल्या असतील तर नियम कायम! म्हणजे एकोणीस वर्षं चेंडू फेकणाऱ्या ओटिसची बॅट कायमची खुंटीला.

अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं. मी फळ्यावर लिहिलं, 'शून्य गृहीतक: नियमाने काही फरक पडत नाही.'

"मग पडत नाही म्हणूनच सांगा की!" समितीचे अध्यक्ष लॉइड म्हणाले.

"अहो, तसं आधी नुसतं गृहीत धरायचं! मग बघायचं, इतका फरक निव्वळ योगायोगाने पडेल का?"

जुन्या नियमाचे तीस सामने, आपल्या धावा सरासरी पाच. नव्याचे तीस, सरासरी आठ! "योगायोगाची शक्यता हजारात एकसुद्धा नाही! गृहीतक मोडीत!"

टाळ्या पडल्या. ओटिस मात्र एवढा थोरला गडी, कान धरून उठवलेल्या पोरासारखा खाली बघत बसला.

"मास्तर," कोपऱ्यातून आवाज आला. इर्माबाई! वय एक्याऐंशी, गावची धावसंख्या त्याच लिहितात. हातातलं विणकाम चालूच. "नव्या वहीतले आकडे कुठल्या शाईतले घेतलेत?"

"लाल! चांगले ठळक होते. तेवढ्याच रकान्याचे फोटो काढून आणलेत."

"धावा काळ्या शाईत असतात हो. लाल म्हणजे मक्यात हरवलेले चेंडू. गेल्या वर्षी शेजारच्या शेतातला मका पार मैदानाच्या कुंपणाला भिडला होता ना!"

हॉल असा हसला की भिंतीवरची शिडी हलली! मका चेंडू गिळतो, हे मी शास्त्रशुद्ध सिद्ध केलं होतं!

"वही घरी आहे. पण लिहून घ्या," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "सहा. चार. अकरा, त्या दिवशी समोरच्या संघाच्या कॅचरचा, फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याचा, दात पडला. शून्य, वारा उलटा होता. सात..."

तीसच्या तीस सामने! सुया थांबल्या नाहीत, बाई अडखळल्या नाहीत. कुणीतरी टोपी काढली. मी खडूने भराभर उतरवून घेत होतो आणि तरी मागे पडत होतो, खोटं कशाला सांगू!

नवी सरासरी साडेपाच. एवढा फरक योगायोगानेही दर तीन वेळांत एकदा पडेल.

"म्हणजे?" लॉइड.

"म्हणजे... फरक पडतो असं म्हणता येत नाही."

"मग पडत नाही?"

"तसंही म्हणता येत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही!"

"हो," मी म्हणालो.

मतदान झालं, जुना नियम राहिला. ओटिसने मला उचलून गरागरा फिरवलं. रविवारी मोठ्या दिमाखात तो बॅट घेऊन उतरला आणि चारही वेळा चेंडूला वारासुद्धा न लावता बाद झाला! तरी असा हसत परतला, की सगळं मैदान उभं राहिलं.

मी इर्माबाईंना हळूच विचारलं, "एवढं लक्षात कसं राहतं हो?"

"मी सामना बघते मास्तर," त्या म्हणाल्या. "आता जरा बाजूला सरका, दिसत नाहीये."