दिनकररावांचा सत्कार

सांगलीत आमच्या चाळीच्या नळावर दोन बायकांचं वाजलं, की दिनकरराव हातातलं पुस्तक तसंच घेऊन धावत यायचे आणि दोघींच्या मधोमध उभे राहायचे. "दोन्ही पक्षांनी आपापल्या घागरींसह माघार घ्यावी!" बायका भांडण विसरून पदराआड हसायला लागायच्या. दिनकररावांना वाटायचं, तह झाला.

आमच्या शेजारच्या खोलीत ते एकटेच राहत. कॉलेजात इतिहास शिकवत. विरजण हवं असलं तरी दारात उभे राहून माझ्या पत्नीला, कमलला म्हणायचे, "वहिनी, एक प्रस्ताव आहे." त्यांच्या खोलीत नकाशे जिकडेतिकडे पसरलेले. एकदा मी सतरंजीवर टेकलो, तर ओरडले, "उठा मास्तर, उठा! पोलंडवर बसलाय तुम्ही!"

महायुद्ध संपलं त्याच सुमाराला त्यांचा प्रबंध पुरा झाला. लढाई थांबल्यावर राष्ट्रांनी एकमेकांवर पुन्हा विश्वास कसा ठेवावा, हा विषय. ते डॉक्टर झाले, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रबंध म्हणून विद्यापीठानं वर पदकही दिलं. पेपरात बातमी आली. चाळीनं सत्कार ठरवला.

"एक प्रस्ताव आहे," ते मला म्हणाले. "पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवा. घरची माणसं येतील."

इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कुणी आलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, "धाकटा भाऊ आहे. औंधला. शेती करतो." आणि चष्मा पुसत बसले.

शाळेच्या हॉलमध्ये सत्कार झाला. अध्यक्ष हळदीचे व्यापारी. ते म्हणाले, "डॉक्टरांनी साऱ्या जगाच्या सुरक्षिततेचा बंदोबस्त केलाय. आता आमच्या पेठेत चोऱ्या वाढल्यात, तिकडंही त्यांनी जरा बघावं." टाळ्या पडल्या. दिनकररावांचं लक्षच नव्हतं. कुणी त्या दोन खुर्च्यांवर बसायला गेलं, की ते व्यासपीठावरूनच हात हलवून त्याला उठवत होते. बोलायला उभे राहिले तेव्हाही नजर दाराकडे. कसेबसे आभार मानले आणि खाली बसले.

हॉल रिकामा झाला. दिनकरराव गळ्यातल्या हारासकट त्या राखलेल्या दोनांतल्याच एका खुर्चीवर येऊन बसले. दुसरीवर कमल बसली.

"गाडी चुकली असेल हो त्यांची," ती म्हणाली.

"मी त्याला बोलावलंच नव्हतं, वहिनी."

"अगंबाई! मग?"

"पेपरात वाचून येईल, असं वाटलं." त्यांनी गळ्यातला हार काढला. "आई आजारी पडली तेव्हा त्यानं निरोपावर निरोप धाडले. मी रजा काढून मुंबईत प्रबंध घेऊन बसलेलो. म्हटलं, एवढं प्रकरण संपवतो आणि निघतो. पोचलो तवा सगळं उरकलं होतं. तेव्हापासून तो बोलत नाही."

गावाकडचं 'तवा' त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

कमलनं उरलेल्या पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात ठेवला. "उद्या सकाळी औंधला जायचं. मी काही ऐकायची नाही."

गेले बिचारे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाटावर बसत होतो, तेवढ्यात परत आले. पुडा हातात नव्हता.

"भाऊ रानात गेला होता," उंबऱ्यावर टेकत ते म्हणाले. "अंगणात त्याची पोरगी खेळत होती. हनुवटी थेट आईची. पेढे दिले तिला. म्हणाली, 'तुमी कोन?'"

"मग?"

"म्हटलं, 'पाव्हना हाय गं.' तर म्हणाली, 'मग बसा की. आबा येतीलच आता.'"

"बसलात ना?" कमलनं विचारलं.

"गाडीची वेळ झाली होती."

त्या गाडीनंतरही औंधहून एक गाडी होती. मला ते ठाऊक होतं, कमललाही. ती उठली आणि त्यांचं ताट वाढून घेऊन आली.