ठमीचे केस

वकिलांच्या घरात केस जाणं नवीन नव्हतं. या महिन्यात मात्र ते ठमीचे जात होते. ठमी म्हणजे उंबऱ्याबाहेर कधी पाऊल न टाकलेली पांढरी मांजर. तिचं पोट सोललेल्या बटाट्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पिसवा शोधल्या, नायटा शोधला, रक्त तपासलं. काही निघालं नाही. रविवारी सकाळी त्यांनी फोन करून सांगितलं, की ठमी स्वतःच चाटून चाटून केस काढतेय. तिला कसला तरी ताण आहे. महिन्याभरात घरात नवीन काय आलं?

वकिलांची बायको फोन स्पीकरवर ठेवून भाजी चिरत होती. तिने सरळ मनाने उत्तर दिलं, "नवीन काही नाही हो. सासूबाई आल्यात तेवढ्या."

सासूबाई मागेच उभ्या होत्या.

(इथे दोन मिनिटं भाजी चिरली गेली नाही.)

वकिलांनी तीन वर्षं मिनतवाऱ्या करून आईला कायमचं राहायला आणलं होतं. स्वतःची कामाची खोली तिला दिली होती. आता त्याच खोलीत ती बॅग भरत होती. धाकट्याच्या गावाची बस दहाला होती, आणि आई एकदा गेली की पुन्हा यायची नाही, हे वकिलांना पक्कं ठाऊक होतं.

"आई, डॉक्टर तुझ्याबद्दल बोलल्या नाहीत."

"नाव नाही घेतलं. वर्णन जुळलं."

वकिलांनी घड्याळ पाहिलं. साडेआठ. त्यांनी बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या आणि खटला सुरू केला. आरोपी मांडीवर बॅग घेऊन बसली. बायकोची साक्ष झाली.

प्रश्न: पडदे नवीन आहेत?
उत्तर: नवीन घेऊ म्हणून तुम्हीच दोन वर्षं म्हणताय.
प्रश्न: कुकरची शिट्टी?
उत्तर: लग्नापासून तीच आहे.
प्रश्न: मग बदललं काय?
उत्तर: मी आता काही बोलणार नाही. मघाशी बोलले तेवढं पुरे.

पावणेनऊ. आई म्हणाली, "मी एक विचारू?"

"आरोपीला प्रश्न विचारता येत नाहीत."

"आई म्हणून विचारते. रोज आठ ते नऊ तू काय करतोस?"

"युक्तिवादाचा सराव."

"कुठे?"

"इथेच. खोली तुला दिल्यापासून."

"कोणासमोर?"

वकिलांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या कट्ट्यावर, उशीवर, बरोबर न्यायासनाच्या उंचीवर ठमी बसली होती. मधे बोलत नाही म्हणून वकिलांना ती फार आवडायची.

"करून दाखव."

वकिलांनी घसा साफ केला. "माननीय न्यायमूर्ती, माझी नम्र विनंती..."

ठमीने तंगडी वर केली आणि पोट चाटायला लागली. वकील थांबले. तीही थांबली.

"नम्र," वकील पुटपुटले.

तिने पुन्हा चाटलं.

"म्हणजे डॉक्टरीणबाई तशा बरोबरच," बायको म्हणाली. "सासूबाई आल्या म्हणून खोली गेली, खोली गेली म्हणून हे बाहेर आले, म्हणजे मूळ कारण..."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. वाक्य तिथेच राहिलं.

आईने बॅगेची चेन उघडली आणि कपडे पुन्हा कपाटात लावले. "उद्यापासून माझ्यासमोर कर," ती म्हणाली. "रात्री मला झोप लागत नाही. सकाळी तरी लागेल."

दीड महिन्यात ठमीच्या पोटावर कापसासारखी लव आली.

त्याच आठवड्यात वकील एका मोठ्या प्रकरणात उभे राहिले. समोर तेच न्यायाधीश, अकरा वर्षं त्यांना ऐकत आलेले. वकिलांनी सुरुवात केली, "माझी नम्र विनंती..." आणि न्यायाधीशांचा हात आपोआप स्वतःच्या टकलावर गेला.

वकिलांनी तो हात पाहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दोन वाक्यांत म्हणणं मांडलं आणि खाली बसले.

केस वाचली.