पंधरा मीटरचं सुरक्षित अंतर

बदामाची पानं फेब्रुवारीत लाल होतात आणि पडतात, ही बाब तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कॉलनीने १९८७ साली प्रथमच अधिकृतपणे विचारात घेतली. त्यापूर्वीही पानं पडत असत, परंतु कुणी ती विचारार्थ ठेवलेली नव्हती. कुंभवलीच्या पलीकडल्या पाड्यावरची जिवली सकाळी सातला खराटा घेऊन येई, नऊपर्यंत चारही इमारतींचं आवार लख्ख करी आणि सगळा पाला जुन्या लुगड्यात बांधून डोक्यावरून घरी नेई. पावसाआधी भाताचं रोप टाकायची जागा भाजायला, म्हणजे राब करायला, तिला तो लागे. पानांना गिऱ्हाईक होतं, त्यामुळे पानांचा प्रश्न नव्हता.

प्रश्न खोक्यातून आला. कारखान्याने परदेशातून एक अवाढव्य यंत्र मागवलं होतं, त्याच्यासोबत स्नेहाची भेट म्हणून पाठीवर बांधून पाला उडवायचं एक छोटं पेट्रोलचं यंत्र आलं. कारखान्यात एकही झाड शिल्लक नव्हतं. म्हणून ते कॉलनीच्या कल्याण समितीकडे पुढील योग्य कार्यवाहीसाठी वर्ग झालं. समितीचे सचिव आत्माराम राऊत यांनी ठराव मांडला की, ज्या अर्थी यंत्र आलेलं आहे त्या अर्थी त्याची गरज आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. चालवण्याचं काम कारखान्याचे सुरक्षा अधिकारी दिनानाथ चुरी यांच्याकडे गेलं, कारण समितीत तेवढी रुंद पाठ दुसऱ्या कुणाची नव्हती.

सी इमारतीत तळमजल्यावर विजया सावे राहत होती. रसायनशास्त्रातली बी.एस्सी., नवरा कमलाकांत कारखान्यात पाळ्यांवर, मुलगी रेवती दहा महिन्यांची. धुळीने रेवतीची छाती भरून येई. पालघरच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या: धूळ-धूर टाळा आणि दुपारची झोप मोडू नका. विजयाने त्या दोनाच्या बावीस करून घेतल्या होत्या. गॅसचं बटण ती तीनदा बघे. झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास मोजे, आणि श्वास बरोबर भरले की आपणच मोजायला चुकलो नाही ना, म्हणून पुन्हा मोजे. पण एवढं करून दीड ते साडेतीन रेवती गाढ झोपे आणि जानेवारीपासून तिला एकदाही खोकला झाला नव्हता. विजयाला जगाकडून याहून जास्त काही नको होतं.

चुरींना जेवणाची सुट्टी दीडला होई. सोमवारी दीड वाजता त्यांनी यंत्र पाठीवर घेतलं, दोरी ओढली, आणि दहा स्कूटरींचा एकदम गळा दाबावा तसा आवाज झाला. ए इमारतीसमोरचा पाला उठला, बी इमारतीसमोर क्षणभर थबकला आणि मग धुळीसकट सी इमारतीच्या तळमजल्यावर खिडकीतून आत आला. रेवतीच्या मच्छरदाणीवर पानांचा थर बसला. रेवती दचकून उठली आणि संध्याकाळपर्यंत खोकत राहिली.

कमलाकांतचं म्हणणं पडलं की, सरळ जाऊन सांगावं, यंत्र बंद करा. विजयाला ते अडाणीपणाचं वाटलं. समितीसमोर नुसतं रडगाणं चालत नाही, मुद्दे लागतात. तिने कार्यालयातून यंत्राची इंग्रजी माहितीपुस्तिका मागून आणली, रेवतीला मांडीवर थोपटत तिची अठ्ठेचाळीस पानं वाचली आणि तिला आनंदाने हसूच फुटलं. यंत्र बनवणाऱ्यांनीच यंत्राविरुद्ध एवढं लिहून ठेवलं होतं, की वेगळी तक्रार करायला जागाच नव्हती. डोळ्यांना, कानांना संरक्षण हवं. पंधरा मीटरच्या आत माणूस-जनावर नको. जमिनीवर खडे, काटक्या, काचा नकोत. मुलं सुरक्षित अंतरावर ठेवावीत. तिने अकरा कलमांचा सविनय अर्ज मराठीत उतरवला. हे वाचून कुणीही शहाणा माणूस यंत्र खोक्यात परत ठेवील, याची तिला खात्री होती.

राऊतांनी अर्ज उभ्यानेच वाचला. त्यांचा चष्मा ओलसर झाला.

"वहिनी," ते म्हणाले, "या यंत्राची इतकी काळजी आजवर कुणी घेतली नव्हती."

अकराही कलमं मंजूर झाली. विजयाला समितीवर 'तज्ज्ञ सदस्य' म्हणून घेण्यात आलं.

पहिल्या कलमानुसार चुरींना चष्मा मिळाला. भांडारात फक्त वेल्डिंगचे काळे चष्मे होते, त्यातून सूर्यसुद्धा अंदाजानेच दिसे. तेव्हा दिशा दाखवायला स्वतः राऊत शिट्टी घेऊन उभे राहिले. परंतु दुसऱ्या कलमानुसार चुरींच्या कानांत बोळे होते. मग त्यांच्या कमरेला दोरी बांधून तिचं टोक राऊतांच्या हाती देण्यात आलं. एक झटका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे थांबा. व्यवस्था निर्दोष होती, फक्त सचिवांना धुळीने शिंका येत. दर शिंकेला चुरी आज्ञाधारकपणे डावीकडे वळत. चौथ्या शिंकेला त्यांचं तोंड बरोबर राऊतांकडे झालं, आणि समितीच्या सचिवांवर कॉलनीतला पाव टन पाला रीतसर उडवण्यात आला.

पंधरा मीटरचं कलम अधिक अवघड होतं, कारण इमारतींमधलं अंतरच दहा मीटर होतं. इमारती हलवण्याचा पर्याय खर्चिक म्हणून मागे पडला. त्यापेक्षा माणसं हलवणं सोपं होतं. रोज दीड वाजता भोंगा व्हावा आणि सर्व रहिवाशांनी घरं रिकामी करून कुंपणालगतच्या मैदानात जमावं, असं ठरलं. भोंगा कारखान्याचा, वायुगळतीचा होता. पहिल्या दिवशी तो ऐकून अर्धी कुंभवली बैल सोडून मनोरच्या रस्त्याला लागली. राऊतांनी तातडीने परिपत्रक काढलं: एक लांब भोंगा म्हणजे पाला, दोन लांब भोंगे म्हणजे वायू. पहिला भोंगा झाल्यावर दुसरा होतो की काय, याची सर्वांनी घरातच शांतपणे वाट पाहावी.

अशा रीतीने रेवती रोज दीड वाजता भर उन्हात मैदानात आली. तिथे आधीच दीडशे माणसं पायांनी धूळ उडवत उभी असत. विजया तिला पदराखाली घेऊन उभी राही आणि श्वास मोजे. मोजणी पूर्वीसारखी भरत नव्हती. छातीत आता मांजर घुरघुरल्यासारखा आवाज येई, आणि दुपारची झोप मोडल्याने ती रात्रभर किरकिर करी.

जिवलीचं काम तिप्पट झालं होतं. यंत्रापूर्वी खडे, काटक्या काढायच्या, म्हणून ती सकाळी सगळं झाडी. पण खड्यांबरोबर पालाही जाई, आणि पाला नसेल तर यंत्र चालवायचं कशावर, असा रास्त सवाल चुरींनी उपस्थित केला. तेव्हा पाला निवडून वेगळा काढावा आणि तेवढाच आवारात पुन्हा सारखा पसरून ठेवावा, असा आदेश निघाला. यंत्र झाल्यावर सी इमारतीपाशी साठलेला ढीग तिनेच उचलायचा, पण घरी न्यायचा नाही. तो उद्याच्या कामाचा माल होता.

"झाडलेला पाला परत पसरवाया सांगतान," जिवली विजयाच्या दारात टेकून म्हणाली. "झाडाला परत चिटकव नाय सांगलं, हा उपकारच हाय."

"आणि तुझा राब?"

"आमच्या राबाचं काय, बाय. तुमची पोर बघ आदी. ती आमच्या कोंबडीवानी घुरघुरते हाय."

विजयाने त्याच दिवशी शेवटचं हत्यार काढलं. अकरावं कलम: मुलं सुरक्षित अंतरावर ठेवावीत. बैठकीत तिने ते उभं राहून वाचून दाखवलं. पाच वर्षांखालची मुलं त्या धुळीत उभी राहता कामा नयेत, यंत्राला मुलांपासून दूर ठेवा, असं ती स्वच्छ बोलली. बोलताना तिचा आवाज किंचित फाटला. समितीवर याचा फार चांगला परिणाम झाला. चुरींनी बोळे काढून पुन्हा एकदा ऐकलं. राऊतांनी तिथल्या तिथे रजिस्टरात ठराव लिहिला, 'पाच वर्षांखालील मुले यंत्रापासून सुरक्षित अंतरावर ठेवण्यात यावीत', आणि पहिल्या सहीचा मान तज्ज्ञ सदस्याला दिला. ज्या आईला मुलाची काळजी आहे ती सही करणारच, असंही ते म्हणाले. विजयाने सही केली. घरी येऊन तिने कितीतरी दिवसांनी शिरा केला.

सुरक्षित अंतर म्हणजे किती, हे दुसऱ्या दिवशी ठरलं. चुरींनी काम चोख केलं. यंत्र पाठीवर असतं. पाठ चुरींची असते. चुरी दोरीच्या झटक्यानुसार आवारात कुठेही जाऊ शकतात. सबब पंधरा मीटर हे कुंपणापासून, बाहेरच्या बाजूला मोजावेत. म्हणजे मैदानसुद्धा बाद झालं. पाच वर्षांखालच्या तेवीस मुलांनी पानगळ संपेपर्यंत, अर्थात आईसह, कॉलनीबाहेर राहावं. घोषणा लाउडस्पीकरवरून करायची, पण त्याआधी प्रत्येक कुटुंबाची सही घ्यायची, कारण समिती कुणावर काही लादत नसे.

रजिस्टर ए इमारतीतून निघालं. विजया रेवतीला कडेवर घेऊन त्याच्या पुढे धावली. तिने दारोदार सांगितलं की सही करू नका, हा मुलांना बाहेर काढायचा कागद आहे. सगळ्यांनी तिला बसवलं, चहा दिला, रेवतीचा गालगुच्चा घेतला. तुमचं अगदी खरं आहे हो, असं सगळे म्हणाले. मग बेल वाजे, रजिस्टर येई, आणि तेच हात पुसत उठून सही करत. दुसऱ्या मजल्यावरच्या दमयंतीबाईंना स्वतःचा तीन वर्षांचा मुलगा होता. विजयाने त्यांचा हातच धरला.

"अहो, तुमच्याही मुलाला जावं लागेल."

"पण पहिली सही तर तुमचीच आहे की," दमयंतीबाई म्हणाल्या आणि हात सोडवून तिच्या नावाखाली सही केली.

संध्याकाळी घोषणा झाली तेव्हा कॉलनीभर एकच गिल्ला उठला. हे कुणी ठरवलं, आम्हाला कुणी विचारलं का, म्हणून विजया सोडून बाविसाच्या बावीस आया कार्यालयावर गेल्या. राऊतांनी त्यांना रजिस्टर उघडून दाखवलं. सगळ्या सह्या ठसठशीत होत्या. कुणाची खाडाखोड नाही, कुणाचा शेरा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजया घिवलीला माहेरी जाणाऱ्या एस.टी.त बसली. मांडीवर रेवती, पायाशी पिशवी. कमलाकांत खिडकीपाशी उभा राहून म्हणत होता की, चार आठवड्यांचाच प्रश्न आहे, पानं कायमची थोडीच पडणार. मागच्या बाकावर दमयंतीबाई मुलाला घेऊन बसल्या होत्या आणि त्या विजयाशी बोलत नव्हत्या. कॉलनीतून एक लांब भोंगा ऐकू आला. आज तो सकाळीच झाला होता. मुलं नसल्याने आता यंत्र दिवसभर चालणार होतं, आणि चुरींना कारखान्याने त्यासाठी मोकळं केलं होतं. रेवतीने एकदा खोकून डोळे मिटले आणि गाडी सुटायच्या आत ती झोपली. विजयाने तिच्या नाकाखाली बोट धरलं.

मार्चच्या सुरक्षा सप्ताहात कॉलनीला ढाल मिळाली. मानपत्रात लिहिलं होतं की, या आवारात एकाही बालकाला यंत्रापासून धोका नाही. ढाल घेताना राऊतांनी नम्रपणे सांगितलं की, श्रेय समितीचं नाही, श्रेय सह्या करणाऱ्यांचं आहे.

हे काही कॉलनीपुरतंच खरं नाही. ते रजिस्टर तुमच्याही दारात येऊन गेलेलं आहे. तुम्ही कणीक मळत होता, किंवा दाढी करत होता, किंवा बातम्या लागायच्या होत्या. तुम्ही दारातूनच हात पुढे केलात आणि फक्त एवढंच विचारलंत की, कुठे करू.