वेळेआधी मिळालेली शांती

आत्मशांती सातव्या मंदिरात, सूर्यास्ताच्या वेळी, चहाबिस्किटांच्या आधी मिळणार होती. कार्यक्रमपत्रिकेत तसं स्वच्छ छापलेलं होतं. तरीही आमच्या सौभाग्यवतींना ती तिसऱ्याच मंदिरात मिळाली आणि एका शिस्तशीर सहलीचा बट्ट्याबोळ झाला. याची जबाबदारी कोणावर तरी निश्चित व्हावी म्हणून हे लिहीत आहे. मी निवृत्त होईपर्यंत कचेरीत अधीक्षक होतो. क्रम सोडून झालेली गोष्ट, मग ती कितीही चांगली असो, मला खपत नाही.

सहल एका बेटाची होती. बेट दिसायला छान होतं, त्याबद्दल तक्रार नाही. मधोमध डोक्यावर ढग घेऊन बसलेला ज्वालामुखी, त्याच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची हिरवीगार शेतं, खाली काळ्या वाळूचा किनारा आणि जिकडे पाहावं तिकडे नारळ नाहीतर देऊळ. देवळांतले दगड शेवाळलेले, अंगणात चाफ्याचा सडा. आमच्या टूर मॅनेजरने हे सगळं इतकं चोख बसवलं होतं, की बघायला वेळच लागत नसे. "ज्वालामुखी, डावीकडे!" असं तो बसमध्ये ओरडायचा, आम्ही डावीकडे वळून फोटो काढायचो आणि ज्वालामुखी आटपायचा.

प्रत्येकाला कंपनीची पिवळी टोपी मिळाली होती. बस सुटताना मॅनेजर दारात उभा राहून टोप्या मोजायचा. माणसं मोजण्यापेक्षा हे सोपं पडतं, कारण माणसं हलतात.

तिसरं मंदिर कड्याच्या टोकावर होतं. तिथला पुजारी म्हणाला, "इथे काही मागायचं नसतं. नुसतं बसायचं असतं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय."

मॅनेजरने घड्याळ पाहिलं. "बसायला वेळ ठेवलेला नाही. सगळ्यांनी उभ्यानेच बसल्यासारखं करा."

आम्ही डोळे मिटून उभ्याने बसल्यासारखं केलं, फोटो निघाला, टोप्या मोजल्या गेल्या, बस निघाली.

जेवणाची वेळ झाली तेव्हा मला रक्तदाबाची गोळी हवी होती. शेजारच्या सीटवरच्या टोपीला मी ती मागितली. त्याआधी बराच वेळ मी त्या टोपीशी बोलत होतो. शेती, हवामान, जावयाची नोकरी, अशा सगळ्या विषयांवर. उत्तर आलं नव्हतं, पण ते एरवीही येत नाही, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. गोळी मात्र आली नाही तेव्हा मी वळून पाहिलं. टोपी हातपिशवीवर ठेवलेली होती. खाली सौभाग्यवती नव्हत्या.

बस उलटी फिरवावी लागली.

ती देवळाच्या मागे, समुद्राकडे उतरणाऱ्या पायरीवर भिंतीच्या सावलीत बसली होती. चपला बाजूला काढलेल्या, हात मांडीवर. हातात काही नाही. तिचे हात रिकामे मी पहिल्यांदाच पाहत होतो, त्यामुळे क्षणभर ओळख पटेना.

"अगं, काय हे! माझी गोळी कुठे आहे?"

"शर्टाच्या खिशात," समुद्रावरची नजर न काढता ती म्हणाली.

होती.

"चल आता. सगळे खोळंबलेत."

"तुम्ही व्हा पुढे. मी बसते जरा. मला इथे फार शांत वाटतंय हो."

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. "काकू, शांत म्हणजे कितपत?"

"अगदी."

"फिरायला आल्यावर जरा बरं वाटतं, तसंच ना?"

"तसं नाही रे. आतून."

'आतून' म्हटल्यावर त्याने मुख्य कचेरीला फोन लावला. स्पीकर चालू असल्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. पलीकडच्या साहेबांनी दोनदा खात्री करून घेतली आणि मग आवाज चढवला. "प्रवाशाला शांती मिळाल्याचं आपल्याकडे एकही उदाहरण नाही! तुम्ही दिलीत कशी?"

"मी नाही दिली, सर. मी तर यांना इथे विसरून गेलो होतो."

मग मॅनेजरच चाचरत पुढे म्हणाला, "पण सर, शांती मिळेल असं जाहिरातीत आपणच लिहिलंय."

"जाहिरातीत आपण निळा समुद्रही लिहितो. म्हणून प्रवासी तो घरी घेऊन जातात का?"

एव्हाना बाकीचे प्रवासीही खाली उतरले होते. निवृत्त हेडमास्तर सर्वांत आधी बिथरले. "मी पहिल्या रांगेत बसतो. शांती मागच्या रांगेला आधी मिळते, हा कुठला न्याय?" मग त्यांनी सौभाग्यवतींना जरा सरकायला सांगून पायरीवर बैठक मारली, डोळे घट्ट मिटले, एक उघडून घड्याळ पाहिलं आणि उठले. "काही येत नाही. वहिनी, तुम्ही नेमकं केलंत काय?"

"काहीच नाही हो भाऊजी," ती म्हणाली. "एवढ्या वेळात कोणी मला विचारलं नाही, अमुक कुठे ठेवलंय म्हणून."

आम्हा पुरुषमंडळींना या उत्तराचा काही बोध झाला नाही. बायकांनी मात्र एकमेकींकडे पाहिलं. ते पाहणं मला तेव्हाच खटकलं होतं.

तेवढ्यात मुख्य कचेरीचा निर्णय आला. प्रवासाचा विमा फक्त शांतीच्या शोधात असलेल्या प्रवाशांचा उतरवलेला होता. जिला ती मिळालेली आहे अशा व्यक्तीला बसमधून पुढे नेणं नियमात बसत नव्हतं. सबब, सदर प्रवाशाचा कार्यक्रम पूर्ण झाला असं समजण्यात यावं, तिची सोय देवळाच्या धर्मशाळेत करावी आणि परतीच्या दिवशी बसने तिला उचलावं.

मी विरोध नोंदवणार, एवढ्यात सौभाग्यवती म्हणाल्या, "चालेल." इतक्या चटकन तिने मला लग्नालाही होकार दिला नव्हता.

"मलासुद्धा," मागून एक आवाज आला. हेडमास्तरांच्या पत्नी. त्या बोलू शकतात हे बसमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं.

"तुला काय?" हेडमास्तर गरजले.

"मिळाली."

"कधी?"

"आत्ताच. निर्णय ऐकला तेव्हा."

मग डॉक्टरांच्या पत्नीला मिळाली. दोघा दुकानदार भावांच्या बायकांना एकदमच मिळाली. एका नव्या सुनेने चाचरत हात वर केला, तेव्हा तिच्या सासूबाई कडाडल्या, "एवढ्यात तुला कशी मिळेल? आधी मला मिळू दे!" आणि त्यांनी तिथल्या तिथे फतकल मारून ती मिळवली. पाठोपाठ सूनही बसली. मॅनेजर प्रत्येकीला खोदून खोदून विचारत होता, पण शांती मिळालेली नाही हे सिद्ध कसं करायचं, याची तरतूद त्याच्याकडे नव्हती.

बस पुढे निघाली ती नवरे, बॅगा आणि टोप्या घेऊन.

चौथ्या मंदिरात पवित्र झऱ्याखाली स्नान होतं. पाणी बर्फासारखं गार, वरून वडाची गर्द सावली, मोठं प्रसन्न ठिकाण. आम्ही सगळे भिजलो आणि मग लक्षात आलं, की टॉवेल कुठल्या बॅगेत आहे हे एकालाही सांगता येत नाही. इतकंच काय, आपली बॅग कुठली हेही नाही. पाचव्या आणि सहाव्या मंदिरात मी जो शर्ट घातला, तो थोरल्या दुकानदारांचा होता. डॉक्टर स्वतःचीच औषधं शोधत फिरत होते. आम्ही फोन लावले, तर ते देवळाच्या पुजाऱ्याने उचलले.

"त्यांनी सगळे फोन माझ्याकडे ठेवायला दिलेत. त्या बसल्या आहेत," तो नम्रपणे म्हणायचा.

"निरोप द्या! म्हणावं, चष्मा सापडत नाही."

"देईन. पण त्या हसतील."

सातव्या मंदिराचा सूर्यास्त खरोखर भव्य होता. समुद्र तांबडालाल झाला होता, घंटा मंद वाजत होती, वाऱ्याला चाफ्याचा वास होता. मॅनेजरने शिटी फुंकली. "शांती सुरू!" आम्ही ओळीने मांडी घालून डोळे मिटले. कोणीतरी हळूच विचारलं, "चार्जर कोणाकडे आहे?" आम्ही सगळे पुरुष एकसाथ म्हणालो, "हिला विचारा," आणि गप्प झालो. त्या गप्प होण्यालाच मॅनेजरने शांती म्हणून नोंदवून घेतलं.

परतीच्या दिवशी आमच्या बायका काळ्या वाळूत गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. ऊन लागून रापल्या होत्या आणि सासूबाई सुनेला लाटेत ढकलत होत्या. शांती मिळालेल्या माणसांनी इतक्या मोठ्याने हसणं मला तरी प्रशस्त वाटलं नाही. सौभाग्यवतींना पाहून मला मात्र फार आनंद झाला, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. तो नेमका कशाचा झाला, हे तिने विचारलं. मी विषय बदलला.

घरी आल्यावर मी कंपनीकडे रीतसर तक्रार केली. कंपनीने तिची तत्काळ दखल घेतली आणि नवी सहल जाहीर केली. एकच मंदिर, एकच पायरी, कार्यक्रम काही नाही, नवऱ्यांना प्रवेश नाही. जागा भरल्यासुद्धा. पहिल्या तुकडीत आमच्या सौभाग्यवती आणि हेडमास्तरांच्या पत्नी रवाना झाल्या.

त्यामुळे हा मजकूर सलग लिहून झालेला नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावं. मधे दूध उतू गेलं, दारावरची घंटा वाजली, नळ चालू राहिला, इस्त्रीवाला कपडे घेऊन आला आणि आपले कोणते ते मला विचारू लागला. प्रत्येक वेळी मलाच उठावं लागलं. तुम्हाला हे वाचताना एकदाही उठावं लागलं नसेल, तर तुमच्या घरातलं माणूस अजून सहलीला गेलेलं नाही, एवढंच.