कलाबाईंची सुतळी आणि माझे तीन त्रिकोण

मंडळी, अंबडच्या कारखान्यांत बुद्धीला तोटा नाही, फक्त ती माझ्या वाट्याला जरा जास्तच आली आहे! ॲल्युमिनियमच्या पाइपचे तीन त्रिकोण, सांध्यांत रबरी फुगे आणि शेजारी कॉम्प्रेसर. बस्स! जमिनीवर पापडासारखा सपाट पडलेला माझा रोबो हवा भरली की ताठ उभा राहतो आणि खचलेलं छत तोलून धरतो. प्रात्यक्षिक जमलं तर आमचे मालक शाहनवाज शेठ मला नोकरीत कायम करणार होते. फसलं, तर सोमवारपासून घरी! पण मी निर्धास्त होतो. चाळीस वेळा चाचणी केली होती.

सरकारी खरेदी समितीचे अध्यक्ष गांगुर्डेसाहेब आले. शाल झाली, श्रीफळ झालं. मी हात धुऊन येतो तर काय! झाडलोट करणाऱ्या आमच्या सटाण्याच्या कलाबाईंनी रोबोला हळदकुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेला आणि हार घसरू नये म्हणून पुढच्या सांध्याला सुतळीचे सात वेढे!

"कलाबाई, अहो सांधाच आवळलात की!"

"नवं यंत्र शे भाऊ! पूजा कऱ्याबिगर कोनी चालू करस का?"

मी सुतळीला हात घातला, तोच शेठ कानाशी फिसकारले, "साहब के सामने हार उतारेगा? चालू कर!"

मी बटण दाबलं. मागचे फुगे टम्म फुगले, पुढचा जखडलेलाच. रोबो उठला, थरथरला आणि कमरेत वाकून थेट गांगुर्डेसाहेबांच्या बुटांवर टेकला!

संपलं! बायकोला काय सांगायचं, ते मी मनात जुळवू लागलो.

साहेबांनी मात्र पाय मागे घेतला नाही. त्रिकोणावर हात ठेवून ते गहिवरले, "आयुष्मान भव! एवढे संस्कार हल्ली माणसांतसुद्धा राहिले नाहीत हो!"

"साहेब, त्याचं खरं काम छत..."

"छताचं बघू नंतर! असे वीस पाठवा. प्रत्येक कचेरीच्या दारात एक!"

मी तोंड उघडणार, इतक्यात शेठनी माझ्या पायावर पाय दिला.

मी कायम झालो. परवाच एका कचेरीतून तक्रार आली, "रोबो ताठ उभा राहतोय, ताबडतोब माणूस पाठवा!" धावत गेलो, सैल झालेली सुतळी आवळली आणि पुन्हा वाकवून दिला. निघणार तेवढ्यात दारातून तिथले साहेब आत आले. खरं सांगतो, रोबोच्या आधी मीच वाकलो. काय करणार, नोकरी कायमची आहे ना!